थोर पूर्वजांचा गहाण हंडा

आमच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती निघते आहे. पहिली कधी निघाली होती, हे तुम्हाला ठाऊक नसेल. ठाऊक असण्याचे कारणही नाही. तिच्या निम्म्या प्रती अजून समितीच्या चिटणीसांच्या पलंगाखाली आहेत आणि उरलेल्या निम्म्या भावकीतल्या लग्नामुंजींत आहेर म्हणून खपल्या. तरी दुसरी निघते आहे, कारण मधल्या काळात बरीच मुले अमेरिकेला गेली आणि त्यांची नोंद राहून गेली. पूर्वजांचा इतिहास वंशजांच्या व्हिसावर चालतो, हा शोध आमच्या कुलमंडळाचा.

मला फॉर्म आला. रकाने असे: पूर्ण नाव, जन्मतारीख, शिक्षण, हुद्दा, परदेशातील वास्तव्य आणि शेवटी 'घराण्यास भूषणावह अशी अन्य माहिती'. मी फोन करून विचारले की, घराण्यास लाजिरवाणी माहिती कुठल्या रकान्यात लिहायची? पलीकडे बराच वेळ शांतता. मग 'तुमचा स्वभाव पहिल्यापासूनच विनोदी' वगैरे झाले आणि फोन ठेवला गेला.

विनोद मी करत नव्हतो हो. एकोणिसाव्या शतकातल्या घराण्याचा माग काढायला जो कोणी बसतो, त्याला एक गोष्ट पहिल्या आठवड्यात कळते. भूषणावह माहितीला कागद नसतो. कागद असतो तो कर्जाला, तंट्याला, थकबाकीला, गहाणाला, पोटगीला आणि दत्तकावरून झालेल्या डोकेफोडीला. वेळेवर जेवून, देवाचे नाव घेऊन, कुणाचे देणे न ठेवता मेलेला सज्जन दप्तरात सापडत नाही. तो फक्त कुलवृत्तांतात सापडतो.

कुलवृत्तांताचा साचा तर तुम्हालाही पाठ असेल. मूळ पुरुष कोकणातून देशावर आला. का आला, हे विचारायचे नाही. भुकेने आला, भाऊबंदकीला कंटाळून आला की सावकाराला चुकवून रातोरात आला, ते घाटातच राहिले. वर पोचला तो थेट श्रीमंतांच्या नजरेत भरला. त्याचा नातू पानिपतावर पडला. पानिपतावर आपली माणसे नेमकी किती पडली यावर इतिहासकार अजून भांडतात. त्यांनी महाराष्ट्रातले सगळे कुलवृत्तांत गोळा करून बेरीज करावी, म्हणजे वाद मिटेल. फक्त मग एक नवा प्रश्न उभा राहील. एवढे शूर पूर्वज तिथे हजर असताना आपण हरलो कसे? आणि सगळेच पडले, तर आपण कोणाचे वंशज? जे वेळीच पळून आले, त्यांचेच ना?

पुढचा भाग त्याहून मौजेचा. १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. ते बाळाजीपंत नातूंनी चढवले. नातूंनी पुण्यावर मोठेच उपकार केले म्हणायचे. सगळ्या शहराचे पाप एका माणसाच्या खात्यावर जमा झाले. बाकीच्यांचे पूर्वज दुसऱ्या दिवशी सकाळी काय करत होते? नव्या साहेबाची कचेरी कुठे भरते, याची चौकशी करत होते. पण कुलवृत्तांत इथे 'पुढे काळ पालटला' एवढे म्हणून दीर्घ श्वास घेतो आणि साठ वर्षांची उडी मारून उतरतो तो थेट टिळकांच्या शेजारच्या बाकावर. टिळकांच्या वर्गात आमच्या जिल्ह्यातूनच शे-दीडशे मुले होती, असा माझा हिशेब आहे. मास्तर हजेरी कशी घेत असतील कोण जाणे.

ती मधली साठ वर्षे माझ्या वाट्याला आली. गावच्या घराचा माळा उपसताना पत्र्याची एक ट्रंक निघाली. वर मुंजीच्या चौरंगाचा मोडका पाय, खाली उंदरांनी चाखलेले रुमाल. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. कागदांचा गठ्ठा ज्या फडक्यात बांधतात तो. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे रुमाल हजारांनी आहेत आणि त्यांतले कागद कोट्यवधी. आमच्या ट्रंकेत चारच निघाले. पण आतला कागद मोडीत, आणि मला मोडी येत नव्हती.

निवृत्त माणसाला वेळ असतो. शिकलो. पहिल्या दिवशी फार आनंद झाला: मोडीत इकार एकच, उकार एकच. ऱ्हस्वदीर्घापायी आयुष्यभर मार खाल्लेल्या माणसाला ही लिपी माहेरासारखी वाटते. दुसऱ्या दिवशी कळले की शब्दाशब्दांत जागाही सोडलेली नसते. कागदभर आधी आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिला लोंबकळत पार पलीकडच्या कडेपर्यंत जायचे. एक ओळ वाचायला मला महिनाभर लागला. ओळ निघाली: 'बहुत काय लिहिणे'. पत्राचा शेवट होता.

मग तारखा. एका कागदाच्या माथ्यावर 'सन समान अशर मयातैन व अलफ'. हा मंत्र नाही, अरबी आकडे आहेत: आठ, दहा, दोनशे आणि हजार. झाले १२१८. त्यात महिना पाहून ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, १८१७-१८. हे सुहूर सन, मृग लागला की बदलणारे. तिथी मुसलमानी महिन्यातली, आधी 'छ' हे अक्षर. 'छ' म्हणजे चंद्र. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. शेंडी राखलेला, त्रिकाळ संध्या करणारा कारकून वर्ष अरबीत मोजतो आहे, तिथी हिजरीत टाकतो आहे, आणि त्याचा खापरपणतू कुलसंमेलनात परकीय शब्दांविरुद्ध ठराव मांडतो आहे. ठराव टाळ्यांच्या कडकडाटात 'मंजूर' होतो. मंजूर!

तर त्या १२१८ च्या कागदात काय होते? पहिल्या आवृत्तीप्रमाणे हे आमचे पूर्वज 'श्रीमंतांच्या फडावर मानाच्या पदी' होते. कागदाप्रमाणे ते पागेतल्या घोड्यांच्या चंदीचा हिशेब लिहीत. कोणत्या घोड्याला किती हरभरा, कोणता घोडा आजारी म्हणून किती शिल्लक, शिल्लक कोठे गेली. बस्स. चार पाने हरभरा. बेरीज मी तीनदा करून पाहिली. एका दाण्याचा फरक नाही. पेशवाई बुडत होती, बाजीराव पळत होता, इंग्रज मागे लागले होते, आणि हा गृहस्थ हरभऱ्याचा ताळा जमवत बसला होता. मला तर तो पानिपतावरच्या भाऊसाहेबांपेक्षाही मोठा वाटला. समितीला वाटला नाही.

दुसरा कागद शके १७४१ चा, म्हणजे १८१९. घोडे गेले, चंदी गेली, नोकरी गेली. कर्जखत आहे. अंकुशी रुपये पंचवीस, व्याज दरमहा दरशेकडा दोन, गहाण तांब्याचा हंडा एक, पितळी पराती दोन, घंगाळ एक. आणि धनको कोण? भावकीतलेच. समितीच्या विद्यमान अध्यक्षांचे थेट पूर्वज. पहिल्या आवृत्तीत त्यांच्या नावापुढे छापले आहे, 'दानशूर व परोपकारी'. वर्षाला चोवीस टक्के, वर स्वयंपाकघर गहाण. असा परोपकार करणारी माणसे आता बँकाही ठेवत नाहीत.

बैठक मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीत झाली. खाली कुणाच्या तरी साखरपुड्याची जिलबी तळली जात होती. मी कागद, त्याचे बाळबोध लिप्यंतर आणि बेरजा पुढे ठेवल्या. अध्यक्षांनी चष्मा पुसला.

"हे छापायचं नाही."

"का हो दादा?"

"लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? १८१९ चे सगळे वारले."

"तू थट्टेवर नेतोस. घराण्याची बदनामी आहे ही."

"कुणाची? कर्ज घेतलं आमच्या शाखेनं. बदनामी आमची. तुमची तर श्रीमंती सिद्ध होते."

यावर संपादक मंडळातल्या एका निवृत्त प्राचार्यांनी तोड काढली. 'आर्थिक साहाय्य केले' असे छापावे. मी म्हटले, छापा, कंसात 'चोवीस टक्क्यांनी' म्हणा. जिलबी येईपर्यंत कोणी बोलले नाही.

आता या खटल्यातली खरी गंमत फक्त मोडीवाल्यांना कळेल, म्हणून तुम्हाला सांगतो. कर्जखत सावकाराच्या पेटीत राहते. कुळाच्या ट्रंकेत ते सापडते याचा अर्थ एकच: कर्ज फिटले आणि खत परत आले. पाठीवर धनकोच्याच हातचे 'भरून पावलो', शके १७५२. अकरा वर्षे लागली. पेशवाई गेल्यावर बेकार झालेल्या एका कारकुनाने अकरा वर्षे घासून पैपैचे देणे फेडले, याहून भूषणावह माहिती मी तरी घराण्यात पाहिलेली नाही. भांडी परत मिळाल्याचा मात्र उल्लेख नाही. आमच्या घरात तो हंडा नाही. अध्यक्षांच्या दिवाणखान्यात दाराशी एक जुना तांब्याचा हंडा आहे, त्यात प्लॅस्टिकची सूर्यफुले खोवलेली असतात. मी काही म्हणत नाही.

आता बायका. कुलवृत्तांतात बायका नसतात. पुरुषांना मुलगे आपोआप होतात. वंशवृक्षाच्या फांद्यांवर गोल गोल फळे, प्रत्येकात एक बुवा. मुलगी झाली तर 'कन्या १'. तीन झाल्या तर 'कन्या ३', जणू गाठोड्यातले नग. लग्नात तिचे नाव बदलायचे, म्हणजे माहेरची नोंद सासरी जुळत नाही आणि सासरची माहेरी. पुढे मुले तिला काकू म्हणतात, नातवंडे माई म्हणतात, आणि तिसऱ्या पिढीला विचारले तर तिचे नाव माईच होते असे शपथेवर सांगतात.

आमच्या खापरपणजोबांच्या थोरल्या भावापुढे छापले आहे: 'निपुत्रिक. पत्नी: नाव उपलब्ध नाही.' उपलब्ध नाही? ट्रंकेतला सगळ्यात जाड कागद तिचाच आहे! शके १७८५, इसवी सन १८६३. नवरा मेल्यावर धाकट्या दिराने, म्हणजे साक्षात माझ्या खापरपणजोबांनी, तिला माजघरातून काढून गोठ्याशेजारी ठेवले. बाई मुन्सफाच्या कोर्टात गेली. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला होता. तिला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. तिला दरमहा तीन रुपये, राहायला एक खण आणि वर्षाला दोन लुगडी हवी होती. अर्जात तिचे नाव, नवऱ्याचे नाव, मधे 'कोम'. 'कोम' म्हणजे बायको. खाली सही नाही, कारण लिहिता येत नव्हते. जुन्या कागदांत लिहिता न येणारा आपल्या धंद्याची निशाणी काढतो: कुणबी नांगर काढतो, न्हावी आरसा काढतो. बाई बांगडी काढते. या बाईच्या अर्जाखाली बोरूने काढलेले एक वाकडे वर्तुळ आहे आणि शेजारी कारकुनाच्या हातचे 'निशाणी बांगडी'. सोवळी बाई. हातात बांगडी राहिलेली नव्हती, ती कागदावर काढून आली.

हुकूमनामा तिच्या बाजूने झाला. तीन नाही, अडीच रुपये मिळाले, पण मिळाले.

ती भांडली म्हणून तिचे नाव राहिले. तिच्या जावा सोसून गेल्या. त्या 'कन्या १' आणि 'नाव उपलब्ध नाही' झाल्या. आपल्या घराण्यातली कुठलीही बाई एकोणिसाव्या शतकात शोधायची असेल तर सद्गुणांच्या वाटेने जाऊ नका. पोटगीच्या, वाटणीच्या, दत्तकाच्या दाव्यात शोधा. कजाग होती, असे घरात जिच्याबद्दल सांगतात, तिचा कागद नक्की सापडतो.

समितीने हा कागद पाहिलाच नाही. 'कोर्टकचेरीचे विषय नकोत' असे आधीच ठरले होते. नाव उपलब्ध आहे हो. समितीच उपलब्ध नाही.

दत्तकावर मी दोन शब्दच बोलतो, कारण तिथे माझीच पंचाईत आहे. प्रस्तावनेत 'सात पिढ्यांचे अखंड रक्त' असे आहे. १८४८ साली कंपनीने दत्तक नामंजूर करून साताऱ्याचे राज्य खालसा केले, तो घोर अन्याय म्हणून आपण शाळेत घोकला. दत्तक हा पोटच्यासारखाच, हे आपले शास्त्र आणि आपला बाणा. मग रक्ताचे कौतुक कंपनीच्या डलहौसीने करावे, आपण कशाला? आणि खरे सांगायचे तर आमच्या शाखेतले रक्त अखंड नाहीच. माझे पणजोबा दत्तक. मूळचे भलत्याच आडनावाचे, भलत्याच गोत्राचे. तेव्हा हरभरा मोजणारा तो कारकून माझा रक्ताने कोणीच लागत नाही. तरी मी त्याची बाजू घेतो, कारण त्याचा हिशेब चोख होता.

तुम्ही म्हणाल, एवढे काय मनावर घ्यायचे? म्हाताऱ्यांचा विरंगुळा आहे. असेल. पण वंशावळ आपल्याकडे नुसत्या विरंगुळ्यातून आलेली नाही. बरीचशी ती सरकारच्या धाकातून आली आहे. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला दात फुटले आणि साहेबाने इनामदारांना विचारले, तुमची सनद दाखवा आणि मूळ सनदवाल्याशी तुमचे नाते दाखवा. घरोघर कैफियती लिहिल्या गेल्या, वंशावळी जोडल्या गेल्या, काही ठिकाणी सनदाही ताज्या ताज्या जुन्या झाल्या. बऱ्याच घराण्यांचा अभिमानाचा जो 'प्राचीन कागद' आहे, तो सारामाफी टिकवायला दिलेला अर्ज आहे. त्यात पूर्वज थोर असणारच. करमाफीच्या अर्जात कोण लिहितो की, आमचा आजोबा हरभरा मोजत होता?

साहेबाचे स्वतःचे घर बघा. त्याने आपल्या देशातली १८४१ पासूनची घरटी शिरगणती जपून ठेवली. आपल्याकडे १८८१ पासून दर दहा वर्षांनी घरोघर माणसे मोजली, बेरजा छापल्या आणि घरटी कागद निकालात काढले. आपल्याला बेरीज मिळाली, माणसे नाहीत. म्हणून आपली माणसे उरली ती तलाठ्याच्या चावडीत, कोर्टाच्या रेकॉर्डरूममध्ये, वंशावळ सांगणाऱ्या हेळव्यांच्या पोथ्यांत आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे कोणी घेतली, माहीत आहे? अमेरिकेतल्या यूटाच्या मॉर्मन मंडळींच्या वंशावळ संस्थेने. त्या पंथात आपल्या मेलेल्या पूर्वजांना मागाहून दीक्षा देता येते, म्हणून ते जगभरच्या वंशावळी गोळा करतात. हसू नका. आमची समिती दुसरे काय करते? मेलेल्यांना न विचारता परस्पर थोरपणाची दीक्षा. मॉर्मन निदान वहीत खाडाखोड करत नाहीत.

आणि जिथे कागदावर पोट अवलंबून आहे तिथे काय चालले आहे, तेही पाहा. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कुणबी नोंदींसाठी जुने रुमाल सुटले. एरवी ज्यांना कोणी चहा विचारत नव्हते, त्या मोडी वाचकांना अचानक कलेक्टर कचेरीत खुर्ची मिळाली. गाव नमुना चौदा, कोतवालाची जन्ममृत्यूची वही, तिच्यातला एक शब्द, आणि त्यावर एका पोराची कॉलेजातली जागा. त्या पोराला पूर्वज पानिपतावर पडला काय आणि पळाला काय, कशाचेही सोयरसुतक नाही. त्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची एक नोंद हवी आहे. आरक्षणाबद्दल तुमचे मत काहीही असो, वंशावळीकडे एवढ्या प्रामाणिक नजरेने पाहणारा माणूस मी कुलसंमेलनात पाहिलेला नाही.

पण सरकारी विनोदबुद्धीचा कळस त्याच्याही पुढे आहे. भटक्या आणि विमुक्त जमातींना विचारतात, २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी तुमचे घराणे महाराष्ट्रात कुठे राहत होते, पुरावा आणा. भटक्यांना! ज्यांचे नावच भटके, त्यांना पत्ता! त्यांतल्या कित्येकांना १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले, १९११ नंतर तो कायदा मुंबई इलाख्यातही आला आणि पोलिसांनी त्यांची हजेरी घ्यायला सुरुवात केली. म्हणजे आमच्या पूर्वजांची नोंद करमाफीच्या अर्जात आणि त्यांची पोलीस पाटलाच्या हजेरीत. दोघांचेही इतिहास सरकारनेच लिहिले. फरक इतकाच की, त्यांच्या नोंदीत कोणी 'मानाचे पद' घुसडले नाही. एखाद्या पालावरच्या म्हाताऱ्याला विचारले तर तो बापाचे, आज्याचे, पणज्याचे नाव न अडखळता सांगेल. ते चालत नाही. शिक्का नाही ना त्याच्यावर.

असो. फॉर्म परत पाठवायची मुदत काल संपत होती. प्रती आगाऊ नोंदवणाऱ्याला सवलत आहे आणि मुखपृष्ठावर शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आहे, असे कळले. मी नाव लिहिले, शिक्षण लिहिले, हुद्द्यापुढे 'निवृत्त', परदेशवासापुढे 'नाही'. शेवटच्या रकान्यात जागा थोडी होती, म्हणून अक्षर बारीक काढले. हरभऱ्याचा हिशेब बरोबर होता. कर्ज अकरा वर्षांत फिटले. थोरल्या काकू दावा जिंकल्या, नाव सोबत जोडले आहे. हंडा येणे बाकी.